मागे पडलेला ठोका

व्याहीबुवा, तुम्हाला निरोप द्यायला शेवटी पियानो वाजला.

रागावू नका. तुमचा पाठ नीट झाला, अरदास झाली. ती प्रार्थना तुमच्या हरमीतने म्हटली, शब्द कुठे चुकला नाही. ते सगळं आटोपल्यावर इथल्या डच रीतीप्रमाणे मंडळी उठून कॉफीच्या खोलीकडे निघतात आणि त्या वेळी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी लावतात. दहनगृहाच्या बाईंनी आधीच फोन करून विचारलं होतं, बाहेर पडताना कोणतं संगीत हवं. हरमीतने कॅनडात फोन लावून जसलीनला विचारलं. तुमच्या, म्हणजे मुलांच्या दारजींच्या, ढोलाचं रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे, हे त्याला माहीत होतं. तुमची नात म्हणाली, "नो, पापा." त्यापुढे कुणी काही निवडलं नाही. आपण जागा रिकामी सोडली की त्यांच्याकडचं ठरलेलं लागतं, तसं ते लागलं. मंद, सभ्य, कुणाचंच नसलेलं. या देशातल्या कितीतरी लग्नांत लोकांना खुर्चीवरून उठवणारा माणूस आत शवपेटीत, आणि बाहेर आम्ही केकचा तुकडा हातात घेऊन हळू आवाजात बोलत होतो. माझी मुग्धा आणि मुलं कॅनडातून पडद्यावर जोडलेली होती. जसलीनने आपला कॅमेरा बंद ठेवला होता.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचायचं आहे ते जसलीन आणि अर्जनसाठी. मुग्धा त्यांना वाचून दाखवेल. मराठी त्यांना कानाने कळतं, डोळ्यांनी नाही. जसलीनने गाणी करणं सोडलं आहे. तिची समजूत आहे की तिने तुमच्या ढोलाचं वाटोळं केलं आणि तुम्ही तिला माफ न करता गेलात. खरं काय ते मला ठाऊक आहे. तुम्ही मला ते बोलायला मनाई केली होती, आणि तुम्ही असेपर्यंत मी ती पाळली.

पण सुरुवातीपासून लिहिते. तुम्हाला माझी शिस्त माहीत आहे. माझ्या फडताळातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून तुम्ही म्हणायचात, "विहीणबाई, एक चिठ्ठी माझ्या पाठीवरपण लावा. ‘सरदार, थोडा जुना, झाकण घट्ट.’"

मुग्धाने हरमीतचं नाव घरात काढलं, तेव्हा मला धर्माची, पगडीची काळजी वाटली नव्हती. मला वाटली ती आवाजाची. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे आइंडहोवनच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवलं. ढोल म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्या लावून घेण्याची गोष्ट, असं मी लहानपणापासून धरून चाललेली. भांगड्याबद्दलचं माझं ज्ञान तर एवढंच होतं की लग्नात जेवण उशिरा मिळतं ते त्याच्यामुळे. तुम्ही आइंडहोवनजवळच्या बेस्ट गावी आमच्या घरी पहिल्यांदा आलात, त्या दिवशी आमच्या ह्यांनी हिंदीतली चार वाक्यं घोटून ठेवली होती. तुम्ही दारात बूट काढलेत, हात जोडलेत आणि म्हणालात, "चहात साखर टाकू नका, शुगर हाय."

ह्यांची हिंदी तोंडातच राहिली.

"तुम्ही मराठी...?"

"नांदेडचा हाव की. गुरुद्वाऱ्याच्या मागल्या गल्लीतला. आजोबाच्या आजोबापासून तिथंच. मराठीत नापास झालो होतो, पण बोलायला कोण मार्क देऊलालंय?"

त्या दिवसापासून ‘येतोय’, ‘जातोय’च्या जागी तुमचं ते ‘येऊलालो’, ‘जाऊलालो’ आमच्या घरात राहायला आलं. माझी मुलगी तसं बोलायला लागली तेव्हा मी तिला टोकलं. मग एकदा मीच फोनवर कुणाला तरी "येऊलाले" म्हणाले आणि तुम्ही शेजारी बसून मिशीत हसलात.

आणि मग आपला तो वाद. वीसएक वर्षं चालला आणि मिटला नाही. मला आता कळतं, तो मिटावा असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

तुमचं म्हणणं असं, की भांगडा मेला आहे. गहू कापणीला आला की गडी माणसं वावरात नाचायची, एकजण बोली, म्हणजे दोन ओळींचं गाणं, म्हणायचा, बाकीचे उचलायचे, आणि ढोलवाला मध्ये उभा राहून फक्त पायांकडे बघायचा. पाय जमिनीला लागेपर्यंत तो जाड काठीचा ठोका राखून धरायचा. "डग्गा," तुम्ही त्या वाकड्या काठीला म्हणायचात, "आणि बारीक ती तिल्ली. तिल्ली बडबड करते. डग्गा वाट बघतो." आता वाट कुणी बघत नाही, असं तुमचं दुखणं. आता ठोका कॉम्प्युटरात आधीच पडलेला असतो आणि पाय त्याच्यामागे धावतात. गाणाऱ्याचा आवाजसुद्धा यंत्रातून सरळ करून घेतात. शब्दांत वावर नाही, बोली नाही. गाडी, बंदूक आणि बाटली. "आणि पंधरा सेकंदात संपते," तुम्ही म्हणायचात. "मोबाइलवर बोट सरकवलं की दुसरा भांगडा. शिंक यायलापण जास्त वेळ लागतो."

मी म्हणायचे, "तुम्ही कधी गहू कापलाय?"

"नाही."

"मग तुमचा तो शुद्ध भांगडा नांदेडात कुठून आला?"

हे तुम्हाला झोंबायचं, आणि मी ते मुद्दाम विचारायचे. कारण तुम्हीच मला सांगितलं होतं, की पंजाबातून यात्रेकरूंबरोबर आलेला एक ढोलवाला आजारी पडून नांदेडला मागे राहिला आणि एका हिवाळ्यात त्याने तुम्हाला हात शिकवला. तो गेल्यावर तुम्ही ज्यांच्याबरोबर वाजवलं ते लग्नातले हलगीवाले होते. तुमच्या ढोलात हलगी शिरली ती कायमची. इथल्या पंजाबी मुलांना ती लगेच ऐकू यायची. रॉटरडॅमच्या एका लग्नात एकजण तुम्हाला म्हणालाही होता, "अंकल, ये हमारे पिंड का ठेका नहीं है." पिंड म्हणजे त्यांचं गाव.  घरी येताना गाडीत तुम्ही बोलून गेलात, "नांदेडात मी पंजाबी, पंजाबात मी दखनी, इथं मी इंडियन. ढोल गळ्यात असला की कुणी विचारत नाही. आज त्यानं ढोलालाच विचारलं."

त्या दिवशी मी वाद घातला नाही. एरवी मात्र सोडलं नाही. तुम्ही तरुणपणी इथे आलात तेव्हा इंग्लंडहून व्हॅनमध्ये भरून कॅसेटी यायच्या, ढोलाबरोबर कीबोर्ड आणि बटणं दाबून वाजणारे ड्रम असलेल्या. तुम्हाला त्यांचं इतकं वेड लागलं, की कारखान्यातले दोन मित्र धरून तुम्ही स्वतःचा बँड काढलात. बैसाखीच्या कार्यक्रमात कीबोर्ड सुरू झाल्याबरोबर पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठून निघून गेले. हे सांगताना तुम्हाला हसू आवरायचं नाही. मी म्हणायचे, "आता तुम्ही पुढच्या रांगेत येऊन बसलात, एवढंच." तुम्ही म्हणायचात, "बदल वेगळा आणि मोडतोड वेगळी." मी म्हणायचे, "फरक सांगा." तुम्ही कपातला चहा संपवायचात आणि सायकल काढायचात. उत्तर पुढच्या शनिवारी मिळायचं, तेही अर्धं.

मुग्धा-हरमीतच्या लग्नातला तो प्रसंग मी कधी तुमच्यासमोर काढला नाही. हेगजवळच्या त्या हॉलमध्ये डीजेने तुम्हाला सांगितलं, "अंकल, ट्रॅक के साथ चलना." स्वतःच्या मुलाच्या वरातीत. तुम्ही मान डोलावलीत आणि चाललात. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही आमच्या पायांकडे बघत होतात, सवयीने, आणि दर वेळी डग्गा एक कणभर उशिरा पडत होता. कारण माझ्यासारख्या न नाचणाऱ्या बाईचा पाय कुठे वेळेवर पडतो? डीजेने त्याचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने तुम्ही फक्त काठ्या हलवत होतात. फोटोंत ते कळत नाही. फोटोंत तुम्ही आनंदात आहात.

मुग्धा आणि हरमीत मुलांना घेऊन कॅनडाला गेले, तेव्हा आपण दोघंच उरलो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. तुमची पत्नी आधीच गेलेली, आमचे हे त्यानंतर. या वयात तिसरा देश नको, असं आपण दोघांनीही मुलांना वेगवेगळं सांगितलं, आणि नंतर लक्षात आलं की शब्दसुद्धा तेच वापरले होते. दर शनिवारी तुम्ही पिशवीत मेथी घेऊन यायचात, कुठून आणायचात कोण जाणे. दारातून विचारायचात, "काय करूलालाव, विहीणबाई?" या देशात हे मला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आता कुणीच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात तुम्ही मला म्हणालात, "हाउसआर्त्सनं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरनं, पुढं मोठ्या डॉक्टरकडं पाठवलंय. चला माझ्यासंगं. डॉक्टर डच बोलतो आणि मी घाबरलो की नांदेडी ऐकतो." तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, चिमटीने हवेत टाळी वाजवल्यासारखं करायला सांगितलं. डग्ग्याचा हात चिमटी करताना मध्येच थांबायचा. पार्किन्सन्स. बाहेर येऊन तुम्ही बाकावर बसलात आणि पहिलं वाक्य बोललात ते, "मुलांना सांगायचं नाही. नोकऱ्या सोडून येतील धावत." मी हो म्हटलं.

त्याच वर्षी जुलैत जसलीन आली, पाठीवरच्या पिशवीत मायक्रोफोन घेऊन. तिला तिच्या गाण्यासाठी तुमच्या ढोलाचा आवाज हवा होता. कुणाचा तरी कुठून तरी उचललेला नको, "माझ्या दारजींचा." तुम्ही गॅरेज झाडून घेतलंत. नवी पगडी बांधलीत. तीन दुपारी तुम्ही दोघं आत आणि मी चहा घेऊन दारात. तुम्ही तिला सांगत होतात, इथे पाय पडतो, इथे थांबायचं. ती मान हलवत होती. मी तुम्हाला इतकं खुशीत त्याआधी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर तर कधीच नाही.

पानगळीच्या दिवसांत तिचं गाणं आलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या फोनवर, तुम्ही ते ऐकलंत. जमिनीतून आल्यासारखा खर्ज, त्यावर कुणा मुलीचा चकचकीत केलेला आवाज, आणि मधून तुमचा ढोल, एकसारखा, रुळावरून चालल्यासारखा. मला, खरं सांगायचं तर, आवडलं होतं. तुम्ही पुन्हा लावलंत. मग विचारलंत, "हा कोण वाजवूलालाय?"

तेवढ्यात तिचाच फोन आला. ती भराभरा सांगत होती, तिच्या त्या भाषेत, निम्मं मराठी निम्मं इंग्रजी. "दारजी, काही बीट्स मागे पडत होते ना, ते मी सगळे कॉम्प्युटरच्या ग्रिडवर, एका मापात आणले. नाऊ इट्स परफेक्ट."

तुम्ही म्हणालात, "हा भांगडा नाही. माझं नाव काढ त्याच्यावरून."

पडद्यावरून तिचा चेहरा गेला आणि छत दिसायला लागलं. "ओके, दारजी," एवढंच ऐकू आलं.

मी तुमच्यावर भडकले. म्हटलं, तुम्ही त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापेक्षा वाईट आहात, तो निदान काही न बोलता उठून गेला. तुम्ही डग्ग्याचा हात टेबलावर ठेवलात. तो थरथरत होता आणि बशीतला चमचा वाजत होता.

"विहीणबाई," तुम्ही म्हणालात, "पाय नव्हते गॅरेजमध्ये. नाचणारं कुणी नव्हतं. मग मी कुणासाठी थांबूलालो होतो?"

मला लगेच कळलं नाही.

"पहिले मी ठोका मागं ठेवायचो. आता तो मागं राहतो. मलाच कळत नव्हतं कुठला माझा आणि कुठला आजाराचा. पोरीनं दोन्ही काढून टाकले. तिच्या गाण्यात माझा हात बरा झालेला हाय. म्हणून कळलं किती गेलाय ते. डॉक्टरीणबाईनं नाकाला बोट लावायला लावलं, तरी इतकं साफ दाखवलं नव्हतं."

"मग हे तिला सांगा."

"नाही. म्हाताऱ्याला नवं सोसत नाही, असं वाटू द्या तिला. पोरं ते विसरतात. पण आजोबाचा आजार आपण कापून गाणं केलं, हे कळलं तर ती विसरणार नाही. पुन्हा कुणाच्या ढोलाला हात लावणार नाही."

"आणि रागाने सोडलं तर?"

"माझी नात हाय. रागानं जास्त करेल."

या वादात तुम्ही हरलात, व्याहीबुवा. मला त्याचा काडीचाही आनंद नाही. तिने ते गाणं काढून टाकलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती आली नाही. फोनवर "हो, दारजी", "ठीक आहे, दारजी". तुम्ही हात टेबलाखाली ठेवून बोलायचात, ती मान खाली घालून. मी मधे बसून दोघांना हवामान सांगायचे. अर्जनने एकदा सांगितलं, ताईने मायक्रोफोन विकले. तुम्ही ते ऐकलंत आणि मेथी निवडत राहिलात. निवडणं कसलं, नुसती इकडची तिकडे करत होतात. त्या दिवशी मी म्हटलं, "आता तरी तिला सांगा." तुम्ही म्हणालात, "आता सांगितलं तर दीड वर्षापासून लपवलेलंपण सांगावं लागेल." आणि आपण दोघंही गप्प बसलो. शहाणी म्हणवणारी दोन माणसं.

शेवटच्या हिवाळ्यात सायकल सुटली, मग काठी आली, मग चाकाची ढकलगाडी. पगडीचं कापड दुमडायला दोन माणसं लागतात, एकाने एक टोक धरून ताणायचं, हे मला तुमच्या दिवाणखान्यात कळलं. मुलं गेल्यापासून तुम्ही दुसरं टोक दाराच्या मुठीला बांधायचात. मी ते सोडवून हातात घेतलं. तुमच्याकडून ताण कमी कमी होत गेला. शेवटी शेवटी मी ओढलं की तुम्हीच पुढे यायचात. बांधायला लागणारा वेळ वाढत गेला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायचे आणि गल्लीतल्या गोष्टी सांगत राहायचे. एका सकाळी तुम्ही कापड घडी करून ठेवलंत आणि डोक्याला साधा पटका गुंडाळलात. 

मग तुम्ही न्हाणीघरात पडलात, आणि दवाखान्यात न्यूमोनिया. हरमीत आला. डॉक्टरांकडून आजाराचं नाव ऐकून तो कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला, "आई, तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तो वळून तुमच्या खोलीत गेला. रागावला असता तर बरं झालं असतं. तुमच्या उशाशी यंत्र टिक टिक करत होतं, एका मापात. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "हा डीजे बरा हाय. चुकत नाही." मी हसले. ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर तुम्ही जसलीनचं नाव घेतलंत का, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते आणि हरमीतला विचारायचं धाडस मला होत नाही. घेतलं होतं, असं लिहून टाकावं असं वाटलं होतं. पण मुलांना खोटं लिहायचं नाही.

तेव्हा जसलीन, आता तुझ्याशी बोलते. दारजी तुझ्या गाण्यावर रागावले नव्हते. त्यात त्यांना आपला बरा झालेला हात ऐकू आला आणि तो त्यांना सोसला नाही. तुला दुःख होऊ नये म्हणून त्यांनी जुन्या वळणाचा खवट म्हातारा होऊन दाखवलं. हे ऐकून तुला वाईट वाटेल, ते म्हणाले होते तसंच. ते मी थांबवू शकत नाही. पण दोन दुःखांतलं हे तुझं आहे. दुसरं, माफी न मिळाल्याचं, कधी तुझं नव्हतंच, ते तुझ्यावर उगाच पडलं. त्यांचा शब्द मी मोडला. त्याबद्दल ते पुढच्या शनिवारी आले असते तर भांडले असते.

व्याहीबुवा, परवा मी तिच्याकडे तुमच्या ढोलाचं मूळ रेकॉर्डिंग मागितलं, काहीही न सुधारलेलं. कशाला, तिने विचारलं नाही. "इट्स रफ, आजी," असं लिहून पाठवलं. मी टेबलाशी बसून ऐकलं. पंखा ऐकू येतो, गल्लीतून गेलेली सायकल ऐकू येते. तिल्ली बडबडते आहे. मग माझा आवाज येतो, दारातून, "चहा गार होतोय."

तिल्ली चालूच आहे. डग्गा पडत नाही.

"थांबा," तुम्ही म्हणता. "हात येऊलालाय."

जसलीन हसते. तिला ती गंमत वाटली. मी हसत नाही, कारण मला माहीत आहे. मी ट्रे घेऊन दारात उभी आहे आणि तुमच्या हाताकडे बघते आहे. तिल्ली वाजते, वाजते, वाजत राहते.

मग तो ठोका पडतो.

"आणा आता," तुम्ही म्हणता, "चहा."